सात रंगांची माती, सोळा पायऱ्या

गेल्या वर्षी मॉरिशसला जाण्याचा योग आला. बुऱ्हाणपूरहून रेल्वेने मुंबई आणि तिथून सुमारे सहा तासांचा विमानप्रवास. १७१५ ते १८१० या काळात या बेटावर फ्रेंचांचे राज्य होते. आजही वृत्तपत्रे बहुतांशी फ्रेंचमध्ये निघतात आणि बाजारात फ्रेंचमधून घडलेली क्रिओल भाषा चालते.

शामारेलची सप्तरंगी माती पाहून मुले हरखून गेली. ज्वालामुखीचा खडक झिजून लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे उरली, त्यामुळे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांच्या लाटा दिसतात. तिथे गवताचे पातेही उगवत नाही. जवळच सुमारे १०० मीटर उंचीचा धबधबा आहे.

डोडो हा न उडणारा पक्षी याच बेटावरचा. सतराव्या शतकातच तो नामशेष झाला. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने सुरतेत दोन डोडो पाहिल्याची नोंद केली आहे. हाच मंडी १६३० च्या दुष्काळात आपल्या बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला होता!

पोर्ट लुईच्या बंदरातील आप्रवासी घाट मात्र विसरता येत नाही. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी करारावर आणलेले लाखो भारतीय मजूर इथे उतरले. त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत. २००६ मध्ये या स्थळाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

तिथेच एक मराठी आजी भेटल्या. त्यांना गणपतीची आरती तोंडपाठ, पण बोलणे सारे क्रिओलमध्ये. शाळेत मराठी शिकणारी त्यांची नात दुभाषी झाली. "मूळ गाव कोणते?" असे विचारले, तर उत्तर एवढेच, "रत्नागिरीकडचे." गावाचे नाव घरात कोणालाच आठवत नव्हते.

मग आजींनी विचारले, "तुमच्या मुलांना मराठी येते ना?" मी 'हो' म्हणणार, तोच आमचे चिरंजीव म्हणाले, "पापा, चलो ना, भूख लगी है."

मी गप्प झालो. त्यांच्या आणि आपल्या मधे समुद्र होता. आम्ही तर तापीकाठीच राहतो, महाराष्ट्राच्या वेशीवर.

परतल्यापासून आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला फक्त मराठी बोलायचे, असे ठरले आहे. मुले अडखळतात, हसतात, पण बोलतात. वाचकहो, मॉरिशसला अवश्य जा. सातरंगी माती पाहाच, पण त्या सोळा पायऱ्यांपाशी घटकाभर थांबा.