बापाची ओळ

‘वडिलांनी तिच्या श्रद्धेला विरोध केला.’ संत पर्पेतुआवरच्या लेखातली ही ओळ मला पुढे जाऊ देत नाही. ती खोटी नाही. तिला संदर्भ आहे, आणि कोणत्याही ज्ञानकोशात ती निमूट खपून जाईल. तरी मी फिरून तिच्यापाशीच येते.

बाकीचा लेख सुधारणं अवघड गेलं नाही. कार्थेज, 7 मार्च 203, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची कारकीर्द, त्याचा मुलगा गेटा याच्या वाढदिवसाचे खेळ. चांगल्या घरातली, शिकलेली, अंगावर पिणारं बाळ असलेली साधारण 22 वर्षांची पर्पेतुआ, ख्रिस्ती म्हणून पकडलेली आणि त्याच खेळांत मारली गेलेली. तिच्याबरोबर पकडलेली गुलाम फेलिसितास, आठ महिन्यांची गरोदर. पर्पेतुआने तुरुंगात आपली हकिगत स्वतः लिहिली, आणि नंतर एका अनामिकाने तिला प्रस्तावना आणि शेवट जोडला. तो अनामिक म्हणजे ख्रिस्ती लेखक तर्तुलियन असावा असं काहींना वाटतं, इतरांना ते पटत नाही. दोन्ही मतं नोंदवता आली. लॅटिन प्रत सतराव्या शतकात लुकास होल्स्टेनियसला मोंते कासिनोच्या मठात सापडली, ग्रीक प्रत 1889 मध्ये रेंडेल हॅरिसला जेरुसलेममध्ये. असल्या गोष्टी जागच्या जागी बसतात. बाप बसत नाही.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं आपल्याकडे म्हणतात. माझी आजी ही म्हण भेटायला आलेल्यांना गप्प करायला वापरायची. घरात कुणी गेलं की लोक येत, तुमचं दुःख आम्हाला कळतं म्हणत, आणि ती त्यांना एवढंच ऐकवायची. मला ती म्हण फार प्रामाणिक वाटत आली आहे. दुसऱ्याच्या आगीवर आपण हक्क सांगू नये. ज्ञानकोशाचा शिरस्ताही तोच आहे: घडलं तेवढं लिहावं, कुणाच्या मनात शिरू नये. मग बापाने विरोध केला, एवढं सांगून थांबणंच रास्त.

पण ही म्हण घेऊन मूळ हकिगत वाचायला बसलं की पानोपानी अडखळायला होतं.

गरोदर बाईला देहदंड देत नसत. त्यामुळे आपलं मरण लांबेल, सोबती पुढे जातील आणि आपल्याला परक्या गुन्हेगारांबरोबर मरावं लागेल, याची फेलिसितासला धास्ती होती. सगळ्यांनी प्रार्थना केली आणि आठव्या महिन्यातच तिला कळा सुरू झाल्या. ती कण्हत होती तेव्हा तुरुंगातल्या एका नोकराने टोमणा मारला: आत्ताच ही गत, तर जनावरांपुढे काय करशील? तिच्या उत्तराचा आशय असा की आजच्या कळा तिच्या एकटीच्या आहेत. रिंगणात मात्र तिच्या आत दुसरा कुणी असेल आणि तिच्या वाटचं तो भोगेल. म्हणजे जळणार एकाचं आणि कळणार दुसऱ्याला. तिला मुलगी झाली. ती एका ख्रिस्ती बाईने आपली म्हणून वाढवली.

रिंगणात या दोघींवर एक मस्तवाल गाय सोडली होती. गायीने पर्पेतुआला उडवून आपटलं. ती उठून बसली, फाटलेला झगा मांडीवर ओढून घेतला, पिन मागून घेऊन विस्कटलेले केस बांधले, कारण मोकळे केस शोकाचे आणि ही तर तिच्या गौरवाची वेळ. मग फेलिसितासला हात देऊन उभं केलं. थोड्या वेळाने, झोपेतून जागी व्हावी तशी, ती विचारू लागली की त्या गायीपुढे आपल्याला कधी नेणार! अंगावरच्या, कपड्यांवरच्या खुणा पाहीपर्यंत तिचा विश्वास बसेना. जळत होतं तिचं आणि कळलं नव्हतं तिलाच.

शेवटचा वार हाडावर बसला तेव्हा मात्र ती किंचाळली. नवख्या ग्लॅडिएटरचा थरथरता हात तिनेच आपल्या गळ्याशी नेला. तिला वेदनेची थोडी चव मिळावी म्हणून तसं झालं, असं हकिगत पुरी करणारा सांगतो. हे वाचलं की मला त्या माणसाचा राग येतो आणि लगेच त्याच्याविषयी आदरही वाटतो. त्याने पाहिलं असेल, ऐकलं असेल; पण वेदना कशासाठी होती हे त्याने ठरवून टाकलं.

आणि बाप. तो चार वेळा येतो. पहिल्यांदा ती नुसती पहाऱ्यात असताना. समोरच्या भांड्याकडे बोट दाखवून ती त्याला समजावते की याला जसं दुसरं नाव देता येत नाही, तसं मलाही ख्रिस्ती सोडून दुसरं काही म्हणता येणार नाही. डोळे उपटून काढावेत असा तो तिच्या अंगावर धावून जातो. तो गेल्यावर काही दिवस आला नाही, त्याचं तिला बरं वाटलं; तेही तिने लपवलेलं नाही. दुसऱ्यांदा तो खंगलेला येतो, आपल्या पिकल्या केसांची आण घालतो, तिच्या हातांची चुंबनं घेतो, पाया पडतो, आणि रडत रडत तिला मुलगी न म्हणता बाईसाहेब म्हणतो. तिसऱ्यांदा तो तिचं बाळ घेऊन थेट न्यायासनापुढे. अधिकारी हिलारियानस त्याला खाली पाडायला लावतो, छडीचा मार बसतो. पर्पेतुआच्या लिहिण्याचा आशय असा की तो मार तिलाच बसल्यासारखा तिला लागला. म्हातारपणी त्याच्यावर ही वेळ यावी याने ती कळवळली. खेळांच्या थोडं आधी तो शेवटचा येतो, दाढीचे केस उपटत, जमिनीवर पालथा पडत.

गायीने उडवलेलं जिला कळलं नाही, तिला बापाच्या अंगावरची छडी कळली. इथे आजीची म्हण माझ्या हातून सुटते.

सुटते, पण मोकळी करत नाही. कारण त्याच वहीत पर्पेतुआने हेही लिहिलं आहे की आपल्या मरणाचा आनंद घरात एकट्या त्यालाच होणार नाही. ती त्याच्या दुःखाने दुःखी आहे, की त्याला आनंद होणार नाही याने? या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येत नाहीत. आणि बापाबद्दल आपल्याला जे काही ठाऊक आहे ते तिच्याच हातचं. जिच्यामुळे त्याचं जळत होतं, साक्षीदारही तीच.

आपल्याकडे दुसऱ्या तीरावरून लिहिलेलं एक पुस्तक आहे म्हणून मला ही पोकळी इतकी जाणवते का? नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपल्या जिवाची झालेली तडफड ‘स्मृतिचित्रे’त स्वतः मांडली. पण लक्ष्मीबाईंनी ते लिहिलं तेव्हा त्याही कधीच्या ख्रिस्ती झाल्या होत्या, सगळं ओलांडून. पर्पेतुआचा बाप काही ओलांडून गेला का, हे सांगायला कुणी राहिलं नाही.

पोकळी भरण्याची मला भीतीही वाटते, कारण ती आधी भरली गेली आहे. मूळ मजकुरात पर्पेतुआचा नवरा कुठेच नाही. पुढे या हकिगतीच्या आटोपशीर आवृत्त्या निघाल्या. त्यांत नवरा हजर होतो, आईबाप रडतात, आणि ती बाळासकट सगळ्यांना दूर लोटते. लिहिणाऱ्यांना आपण हकिगत सुधारतोय असंच वाटलं असणार. ज्या बाईने बापाच्या माराने आपण कळवळलो असं लिहिलं, तिच्या हाती त्यांनी हे लोटणं दिलं.

म्हणून सध्या मी चारही भेटी लिहिल्या आहेत, ज्या क्रमाने तिने लिहिल्या त्याच क्रमाने. पण क्रमाने लिहिल्या की आणखी एक ओळ आड येते. न्यायनिवाड्यानंतर तिने बाळ मागवलं तेव्हा बापाने ते दिलं नाही. तिने त्यातही देवाची इच्छा पाहिली: बाळाने पुन्हा दूध मागितलं नाही, तिच्या स्तनांना दाह झाला नाही. त्याचा हा नकार विरोधात धरायचा का? कधी मला तो मुलीवरचा शेवटचा दबाव वाटतो. कधी वाटतं, मुलगी हातची गेली हे त्याला तिथे कळून चुकलं होतं आणि नातवाला तरी त्या अंधाऱ्या जागेत परत पाठवायचं नव्हतं. दोन्हींना आधार तेवढाच आहे, आणि लेखात ती ओळ कुठे ठेवते यावरून वाचणारा त्यातलं एक धरून चालणार.