पिवळीकाळी कॅसेट

आमच्या बारामतीच्या घरात प्रभूचे नाव यायचे ते रेव्हरंड टिळकांच्या अभंगांतून, पेटीच्या सुरात. अशा घरी १९८८ साली मी ‘स्ट्रायपर’ या अमेरिकन मंडळींची दोन वर्षांपूर्वीची कॅसेट आणली. पिवळेकाळे पट्टे, खांद्यावर रुळणारे केस आणि गिटारींचा असा कल्लोळ, की इंदापूरची आत्या पदर सावरीत उठलीच! नाव ‘टु हेल विथ द डेव्हिल’. म्हणजे सैतानाला नरकातच धाडलेले. पण ऐकतो कोण? (टिळकांनी अभंग ख्रिस्ताकडे वळविला, तेव्हाही कुणी कानांवर हात ठेवले असतीलच.) वडिलांनी टेपरेकॉर्डर बंद केला. चार दिवस अबोला.

पाचव्या रात्री पाहतो, तर दिवा मालवून, आवाज अगदी बारीक करून वडील तीच कॅसेट ऐकत बसलेले. मला पाहून म्हणाले,

“शब्द नीट लागत नाहीत रे. जरा सांग.”