साखळीचा सांभाळ

पाचोऱ्यासारख्या कापसाच्या आणि रेल्वेच्या गावात, बाजारपेठेच्या गर्दीतून वाट काढत जाणारी, हातांनी चालवायची तीनचाकी सायकल नजरेच्या इतक्या सवयीची झालेली असते की तिच्याकडे एक यंत्र म्हणून थांबून पाहणे सहसा घडत नाही. ज्यांचे पाय पोलिओने, अपघाताने किंवा जन्मतःच साथ देत नाहीत, त्यांचे घराबाहेरचे सारे जग, म्हणजे दुकान, दवाखाना, तहसील कचेरी, देऊळ आणि मित्राचा ओटा, या तीन चाकांच्या आवाक्यात असते. आणि हाताचे बळ चाकापर्यंत नेणारा जो एकच दुवा त्या वाहनात असतो, तो म्हणजे साखळी. ती उतरली की चालक जिथे असेल तिथेच थांबतो, कारण पायी सायकल ढकलत नेण्याची जी सोय इतर सायकलस्वारांना असते, ती त्याला नसते.

या वाहनाचा पूर्वज साखळीहून जुना आहे. न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावी स्टेफान फार्फलर या घड्याळजीने, ज्याला स्वतःला चालता येत नव्हते, 1655 मध्ये हाताने फिरवायच्या दांड्यांची तीनचाकी गाडी बनवली. तिच्यात बळ पोचवण्याचे काम दातेरी चाके करत होती. आज सर्वत्र दिसणारी रोलर साखळी हान्स रेनॉल्ड याने मँचेस्टरमध्ये 1880 मध्ये तयार केली, आणि तिच्यामुळे बळ दूरच्या चाकापर्यंत हलक्या रीतीने नेणे शक्य झाले. भारतात 1972 मध्ये कानपूरला स्थापन झालेले कृत्रिम अंग निर्माण निगम, म्हणजेच ‘अलिम्को’, अशा सायकली बनवते आणि केंद्र शासनाच्या 1981 पासूनच्या ‘एडिप’ योजनेतून, म्हणजे दिव्यांगांना साहाय्यक साधने पुरवणाऱ्या योजनेतून, त्या शिबिरांमध्ये दिल्या जातात. काही रचनांत हाताचे पायडल पुढच्या चाकाला जोडलेले असते, तर काहींत आसनाच्या बाजूच्या दांड्यापासून साखळी मागच्या एका चाकाकडे जाते.

साखळी म्हणजे एकच वस्तू नव्हे, शेकडो लहान सांध्यांची ती मालिका आहे. आतल्या पट्ट्या, बाहेरच्या पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या पिना, पिनांवरची नळी आणि तिच्याभोवती फिरणारा रोलर अशी प्रत्येक कडीची घडण असते, आणि एका पिनेपासून दुसरीपर्यंतचे अंतर, ज्याला पिच म्हणतात, अर्धा इंच असते. साखळी ‘ताणली गेली’ असे म्हटले जाते तेव्हा पोलाद लांबलेले नसते. पिना आणि त्यांच्या नळ्या एकमेकींवर घासून झिजलेल्या असतात, आणि प्रत्येक सांध्यातली ती केसाएवढी झीज एकत्र होऊन साखळीची लांबी वाढते. वाढलेली साखळी दात्यांवर नीट बसत नाही, दात्यांची टोके खाते आणि शेवटी उतरू लागते. या झिजेचे माप घ्यायला शाळकरी मुलाच्या दप्तरातली फूटपट्टी पुरते: चोवीस पिच नव्या साखळीत बरोबर बारा इंच भरतात, आणि हेच माप इंचाच्या सोळाव्या हिश्शाने वाढले असेल, तर साखळी बदलण्याची वेळ आली असे समजावे. त्याकडे दुर्लक्ष झाले की स्वस्त साखळीपायी महाग दातेरी चाकेही बदलावी लागतात.

युरोपात आणि अमेरिकेत हौसेने चालवली जाणारी, मागे रेलून पाय पुढे पसरायची तीनचाकी ही या वाहनाची दूरची बहीण. तिच्यात पायडल अगदी पुढे आणि चालणारे चाक मागे असल्यामुळे साध्या सायकलीच्या दोन-तीन साखळ्या जोडून एक लांब साखळी करावी लागते, आणि ती लोंबू नये म्हणून तिला मार्गदर्शक कप्प्यांवरून व प्लास्टिकच्या नळ्यांतून न्यावे लागते. या लांबीत एक सुंदर न्याय दडलेला आहे. साखळी जितकी लांब, तितक्या कमी वेळा प्रत्येक कडीवर दात्याचा ताण येतो, म्हणून तिप्पट लांब साखळीची कडी साधारण तिपटीने सावकाश झिजते. भार अनेकांत वाटला गेला की प्रत्येकाचे आयुष्य वाढते. पण सैलपणाही लांबीबरोबर वाढतो, म्हणून जेथे साखळी लांब तेथे ताण राखण्याची दक्षताही अधिक हवी.

पाचोरा ज्या खानदेशात आहे, तिथली हवा आणि माती साखळीची परीक्षा ऋतूगणिक घेते. पावसाळ्यात काळी चिकण माती चाकांवरून उडून कड्यांत बसते आणि वाळल्यावर सांधे जखडते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जाऊ लागल्या की उडती रुई तेलकट रोलरांना आणि आसाला गुंडाळून घेते. आणि उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीस अंशांकडे जाताना, पातळ तेल ओघळून जाते आणि मागे उरते ती धूळ. तेल आणि धूळ मिसळली की जे तयार होते, ते वंगण राहत नाही. ते पिना घासणारी कानस-पूड होते. स्वच्छ, तेल दिलेली साखळी हाताच्या बळापैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक भाग चाकाला देते; मळलेली साखळी त्यातला वाटा स्वतःच खाते, आणि हातांचे बळ पायांच्या मानाने मुळातच कमी असल्याने हा तोटा खांद्यांच्या सांध्यांनी भरून काढावा लागतो.

म्हणून साखळीची निगा ही खांद्यांचीही निगा आहे. आधी कोरड्या चिंधीने आणि जुन्या दातघासणीने रुई-माती काढावी. फार मळ असल्यास साखळी उतरवून रॉकेलमध्ये भिजवावी आणि पूर्ण वाळू द्यावी. मग यंत्राचे ताजे तेल, प्रत्येक रोलरवर एकच थेंब, पायडल सावकाश उलटे फिरवत सोडावे, तेल सांध्यांत मुरू द्यावे आणि बाहेरचे सगळे पुसून टाकावे, कारण तेलाचे काम आत आहे, बाहेर राहिलेले तेल धुळीला आमंत्रण देते. इंजिनातले जळके ऑइल फुकट मिळते, पण त्यात धातूचे कण असतात. खोबरेल कालांतराने चिकट होते. ही दोन्ही टाळावीत. जोडकडीचा चाप बसवताना त्याची बंद बाजू साखळी धावते त्या दिशेला ठेवावी, म्हणजे तो सुटून पडत नाही. साखळीवर झाकणपट्टी असावी, कारण पायांना संवेदना नसलेल्या चालकाला धोतराचा सोगा, पदर किंवा पाऊल साखळीत गेल्याचे वेदना होत नसल्याने कळत नाही.

यातला प्रत्येक उपाय सोपा आहे, पण तो कोणाच्या हाताशी आहे हा प्रश्न सोपा नाही. आसनावर बसलेल्या माणसाला मागच्या चाकापाशी वाकता येत नाही; खाली उतरून जमिनीवर बसावे, तर पुन्हा चढायला आधार लागतो. म्हणून या साखळीचा सांभाळ हा नेहमीच दोघांचा व्यवहार असतो: चालक आवाजावरून आणि हाताला लागणाऱ्या जडपणावरून बिघाड ओळखतो, आणि घरातले कोणी किंवा चौकातला सायकल मिस्त्री तो दुरुस्त करतो. बिघाड ओळखणे आणि तो दुरुस्त करणे यांत चालकाचे ज्ञान पहिले आहे; त्याला विचारल्याशिवाय पान्हा लावणारा मिस्त्री अर्धेच काम करतो.

सायकल देण्याचा दिवस हार-फुलांचा असतो आणि तो असायलाच हवा, परंतु दान एका दिवसात होते, सांभाळ मात्र वर्षानुवर्षे करावा लागतो. सायकलीबरोबर तेलाची एक कुपी, दोन जोडकड्या, एक पान्हा आणि मराठीत छापलेले निगेचे एक पान दिले, तालुक्याच्या ठिकाणी निदान एका मिस्त्रीला या सायकलीची रचना शिकवली आणि तिच्या मापाची साखळी त्याच्या दुकानात कायम ठेवली, तर फारसा खर्च वाढणार नाही. समाजाने कोणाला चाके दिली यावर त्याची कळकळ पूर्ण मोजता येत नाही. ती चाके दहाव्या वर्षीही फिरत आहेत का, हे खरे माप आहे, आणि ते माप उत्तम भरावे अशी व्यवस्था पाचोऱ्यासारख्या गावाला आजच्या साधनांत उभी करता येण्याजोगी आहे.