गुणक अवयव

1970 साली नव्या मुंबईची आखणी सुरू झाल्यापासून पनवेल तालुक्यातील भातशेती गावागावाने संपादनाच्या दप्तरात जमा होत गेली, आणि जुन्या कुलाबा जिल्ह्यात ज्या भातगिरण्यांसाठी पनवेल शहर ओळखले जाई, त्यांतील मोजक्याच आज तग धरून आहेत. अशाच एका गिरणीच्या वयोवृद्ध मालकांनी, विजेचा खर्च असह्य होऊन गिरणी बंद करण्याचा विचार बळावल्यावर, आपली बिले माझ्यासमोर ठेवली. कारण व्यापारी व औद्योगिक ग्राहकांची वीजबिले तपासून गैरलागू आकारणीचा परतावा मिळवून देणे हा माझा व्यवसाय आहे.

बिल हाती घेतले की मी एकूण रकमेआधी ‘गुणक अवयव’ हा रकाना पाहतो. मोठ्या भाराच्या जोडणीत सगळा प्रवाह मीटरमधून जात नाही. सीटी नावाचे उपकरण तो ठरावीक प्रमाणात लहान करून मीटरला देते, आणि त्याच प्रमाणाने रीडिंगला गुणून युनिटे काढली जातात. 200/5 च्या सीटीला हा गुणक 40 येतो, 100/5 च्या सीटीला 20. येथे गिरणीतील सर्व मोटारी मिळून 45 अश्वशक्ती, मंजूर मागणी 40 केव्हीए, आणि बिलावर नोंदलेली कमाल मागणी मात्र 62! सगळी यंत्रे एकाच वेळी पूर्ण भाराने चालविली तरी हा आकडा संभवत नव्हता. तरीही मंजूर मागणी ओलांडल्याचा दंड ते सद्गृहस्थ दरमहा निमूटपणे भरीत आले होते. कागदपत्रे चाळता चाळता सीटी-बदलीचा अहवाल सापडला. दीड वर्षापूर्वी भार कमी करून घेतला तेव्हा 200/5 च्या जागी 100/5 बसली होती, पण बिलाच्या नोंदीत 40 तसाच कायम होता.

वीज कंपनीने चूक मान्य केली, परंतु सदोष मीटरच्या नियमाकडे बोट दाखवून परतावा तीन महिन्यांपुरताच देऊ केला. ही भूमिका मला अन्यायाची वाटली आणि आजही वाटते. मीटरने मोजण्यात तिळमात्र कसूर केली नव्हती. चूक होती ती दप्तरातील नोंदीची, आणि तिला सदोष मीटरची मुदत लावण्यास काहीच आधार नव्हता. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 62(6) नुसार, ठरलेल्या दरापेक्षा अधिक वसूल केलेली रक्कम बँक दराच्या व्याजासह परत मिळण्याचा ग्राहकास हक्क आहे. त्या कलमाच्या आधारे, दोन वर्षांच्या मुदतीत, आम्ही ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे अर्ज गुदरला, आणि बदलीच्या तारखेपासून 20 च्या गुणकाने फेरहिशेब करण्याचा हुकूम मिळवला.

फेरहिशेबात वीज आकार आणि दंड वजा झाले. वीज शुल्क मात्र जुन्याच रकमेवर राहिले. हे शुल्क आकाराच्या टक्केवारीने लागते, म्हणजे मूळ आकार फुगला की तेही फुगते, आणि वीज कंपनीच्या जमाखर्चात त्याचे खाते निराळे असल्याने ते नजरेतून निसटते. त्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागला. पुढच्या बिलात तीही रक्कम व्याजासह जमा झाली.