डायपर सुटताना

लेक पावणेदोन वर्षांची झाली आणि सासूबाई म्हणाल्या, "रात्रभर तोच डायपर? 48 मिनिटांत संमूर्च्छिम जीव होतात गं." उत्सर्ग समिती पाच समितींतली शेवटची, साधू-साध्वींची, पण घरात लेकरू असलं की आपल्यालाही ती आठवते. यवतमाळच्या मे महिन्यात डायपरनं पुरळ येतंच, म्हणून तेव्हाच सुरुवात केली. सुती चड्डी, उठल्यावर, जेवल्यावर छोट्या पॉटीवर बसवून "शूऽऽ". फरशी दिवसातून सहादा पुसली! रागवायचं नाही, हे मात्र सगळ्यांना बजावलं. घाबरलं की मूल शी धरून ठेवतं, मग खडा होतो, मग रडारड. तीही हिंसाच ना? बाराव्या दिवशी ती स्वतःच चड्डी ओढत आली. रात्रीचा डायपर अजून आहे. सासूबाई काही बोलत नाहीत; पहाटे माझ्याआधी उठून त्याच तो काढतात.