बटणांचा डबा

बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात माझी शिवणाची बटणं असतात. शिंपल्याची, प्लॅस्टिकची, कापडाने मढवलेली, ह्यांच्या कोटाची चामडी. नातू साडेचार वर्षांचा. शाळेतून आला की आधी पायातले मोजे ओढून काढतो. शिवण बोटांना टोचते, म्हणून तो मोजे उलटेच घालतो. मग डबा. फरशीच्या सांध्यावर बटणाला बटण लावत रांग निघते. कुणाचा पाय लागून मधलं एक हललं, की सगळी रांग मोडून पुन्हा पहिल्यापासून.

"लाड झालेत फार," असं मीच म्हणायचे. लेक गप्प बसायची.

एकदा नातवाच्या ऑक्युपेशनल थेरपीच्या मॅडमकडे मीही गेले. त्यांनी विचारलं, "आजी, पंख्याची घरघर येतेय का कानावर?" मी म्हटलं, "कुठली घरघर?" त्या हसल्या. "तुमचा मेंदू ती गाळून टाकतो. ह्याचा गाळत नाही." पंखा, कॉलरचं लेबल, फोडणीचा वास, सगळं एकदम, सारख्याच जोराने. अमेरिकेतल्या जीन एअर्स नावाच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी १९७२ साली यावर पुस्तक लिहिलं. डोळे-कान तर आहेतच, पण तोल आणि सांधे-स्नायूंची जाणीवही मेंदूला एकत्र गुंफावी लागते, असं त्यांचं म्हणणं.

जावयाने घरी येऊन आणखी वाचन केलं. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या अकरा स्वमग्न मुलांबद्दल लिहिलं, त्यांनाही सगळं जसंच्या तसं लागायचं. चार दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. रांगा लावणारं प्रत्येक मूल स्वमग्न नसतं, हे मॅडमना आम्हाला दोनदा सांगावं लागलं.

तेव्हापासून मी रांग मोजते. साधा दिवस असला तर रांग पलंगाच्या पायापाशी संपते. कुकरची चौथी शिट्टी न सांगता झाली त्या दिवशी ती दारापर्यंत गेली. शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम होती, लाउडस्पीकर लावून. त्या संध्याकाळी ती देव्हाऱ्याला वळसा घालून आली आणि बटणं संपली म्हणून तो रडला. मी डाळीच्या डब्यातून राजमा काढून दिला.

आणि हट्टाचं म्हणाल, तर माझ्या सासूबाई ताटात चटणी उजवीकडे पडली की ताट परत पाठवत. मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. त्याला आम्ही वळण म्हणायचो.

रांगेचा क्रम मात्र मला उमगेना. आकाराने म्हणावं, तर मोठ्याशेजारी बारीक. रंगाने म्हणावं, तर तेही नाही. परवा दुपारी वीज गेली, पंखा थांबला आणि खरंच, घरात केवढी शांतता झाली. मी त्याच्याजवळ फरशीवर बसले. तो प्रत्येक बटण उचलून गालावर घासत होता, मग जागा देत होता. शिंपल्याचं पहिलं, चामडी सगळ्यांत शेवटी. गुळगुळीतापासून खरबरीतापर्यंत! डोळ्यांनी बघून मला कसं कळावं?

कपाटाखाली एक हस्तिदंती रंगाचं बटण सापडलं होतं. मी ते गालाला लावून पाहिलं आणि पाचव्या जागी ठेवलं. त्याने उचललं, स्वतःच्या गालावरून फिरवलं आणि काही न बोलता तिसऱ्या जागी ठेवलं.