गेलो की गेले?

निबंधाच्या वहीत एका ओळीत ‘मी गेलो’, पुढच्या ओळीत ‘मी गेले’. दोन्हींखाली मी लाल रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी आई शाळेत आली, अनगोळचीच. म्हणाली, ‘सर, आमचं पोर जन्मतःच ना पुरतं मुलगा, ना मुलगी. ते दोन्ही म्हणवून घेत नाही.’

एम. ए. झालेला मी गप्प. कन्नडमध्ये ‘नानु होदे’ म्हटले की भागते. क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग विचारीत नाही. आमच्याकडे बायकाही सर्रास ‘मी येतो’ म्हणतात, पण वहीत पुस्तकी मराठी हवी!

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. २०१९ च्या कायद्याने अशा आंतरलिंगी व्यक्तींनाही व्याख्येत घेतले. माझी लाल शाई त्यानंतरची.

त्या निबंधाचे कापलेले दोन गुण मी परत दिले. रेघ मात्र तशीच आहे.